जीपमधला एसी काढला आणि त्याच कॉम्प्रेसरवर टायरची हवा! उद्यमनगरातल्या गॅरेजचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. पहिल्यांदा मार्क सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना एवढंच बघायचंय त्यांचं काम झालं. बाकीच्यांनी सगळं वाचा, कारण गाडीतला एसी काढणं या विषयावर नेटवर मराठीत धड काही सापडत नाही आणि गॅरेजवाले प्रत्येक जण वेगळंच सांगतात.

गॅरेज कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहे, गाडीच्या एसीचंच काम करतात, दुसरं काही नाही. नाव टाकत नाही कारण मिस्त्री स्वतःच नको म्हणाले, एसीच्या कॉम्प्रेसरवर टायरची हवा साठवायची टाकी बसवायचं काम ते फोनवर विचारणाऱ्या कुणालाही करून देत नाहीत, आधी गाडी बघतात मगच हो की नाही सांगतात. उद्यमनगरात जाऊन दोन दुकानात विचारलं तरी कळेल.

आमची गाडी म्हणजे जुनी डिझेल जीप. शेतावर, मळ्यात, ऊसाच्या फडात, कधी राधानगरीकडं, असलीच सगळी कामं. एसी होता पण नावाला. गॅस भरला की एक उन्हाळा जेमतेम जायचा, पुढच्या वर्षी परत तेच. दुसऱ्या एका गॅरेजात दरवर्षी नुसता टॉप-अप मारून द्यायचे, लिकेज कुठं आहे ते कुणी शोधलंच नाही, पैसे घेतले, गार वारा दाखवला आणि पाठवून दिलं. त्यात कंडेन्सर (एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढं बसलेला आणि त्याच्या जाळीत शेतातली सगळी माती, पाचट, किडे अडकून बसलेले, मग घाटात लोड असला की टेंपरेचरचा काटा वर. वडील म्हणाले काढूनच टाका ते, काच खाली केली की वारा येतोय. मला ते पटलं, फक्त नीट काढायचा होता.

इथं मला पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे मिस्त्रींनी लगेच खोलायला घेतलं नाही. आधी गेज लावलं, मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी मारत जॉइंट न् जॉइंट बघितला. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे आले, आणि डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल पण लिक. मग रिपेअरचा हिशोब सांगितला. नवी कॉइल, कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व, ड्रायर बॉटल, गॅस, मजुरी मिळून अठरा-वीस हजाराच्या घरात. आणि वडिलांना म्हणाले, "काका, कॉम्प्रेसर तुमचा एक नंबर आहे. काढायला माझी ना नाही, पण पावसाळ्यात काचेला धुकं धरंल तेव्हा मला शिव्या द्यायच्या नाहीत." ग्राहक पैसे घेऊन समोर उभा असताना काढायचा का नाही याचा विचार करायला लावणारा माणूस मला तरी पहिल्यांदा भेटला.

(नायट्रोजनच का, कॉम्प्रेसरची साधी हवा का नाही, हे मी विचारलं होतं. गाडीच्या एसीतला आर-134ए गॅस एरवी पेटत नाही, पण जास्त हवेत मिसळून दाबाखाली आणि गरम झाला तर पेटू शकतो. शिवाय साध्या हवेत ओल असते, ती सिस्टिममधल्या ऑइलमधे जाते. ज्यांच्याकडं साधी हवा मारून लिकेज बघतात तिथं गाडी ठेवू नका.)

आता गॅस. याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय असं म्हटलं तरी चालंल.

बहुतेक ठिकाणी एसी काढायचा म्हटलं की पहिलं काम काय करतात, तर व्हॉल्वची पिन दाबतात आणि फुस्स करून सगळा गॅस हवेत. दोन मिनिटात मोकळे. इथं रिकव्हरी मशीन आहे. हाय आणि लो दोन्ही साइडला पाइप लावले, मिस्त्रींच्या पोरानं गॉगल आणि हातमोजे घातले (हा गॅस उणे 26 डिग्रीला उकळतो, पातळ गॅसचा फवारा हातावर किंवा डोळ्यात गेला तर जागच्या जागी गोठवतो), आणि मशीननं सगळा गॅस ओढून सिलिंडरमधे घेतला. त्याआधी विचारलं की मागं कुठं गॅस भरलाय, स्वस्तातला भरलाय का, कारण काही जण एलपीजीसारखा पेटणारा गॅस भरून देतात आणि तसला गॅस मशीनमधे गेला तर मशीनमधला चांगला गॅस पण खराब होतो. आमच्यातून साधारण 400 ग्रॅम निघाला. वजनकाट्यावर आकडा दाखवला.

400 ग्रॅम म्हणजे काय लागतंय असं वाटंल. पण आर-134ए हा कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 1430 पट तापवणारा गॅस आहे, वजनाला वजन धरून, शंभर वर्षांच्या हिशोबानं. म्हणजे आमच्या जीपमधून तो नुसता फुस्स करून सोडला असता तर सुमारे 570 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं असतं, दोनशे लिटरच्या वर डिझेल जाळल्यावर निघतो तेवढा! एका गाडीचा, एका पिन दाबण्याचा. ओझोनला हा गॅस धक्का लावत नाही, म्हणूनच नव्वदच्या दशकात जुन्या गाड्यांच्या एसीतल्या आर-12 गॅसच्या जागी हा आला, पण उष्णतेच्या बाबतीत वाईटच. 2016 ला किगालीत जो करार झाला तो याच जातीच्या गॅसांचा वापर कमी करायचा, भारतानं 2021 मधे त्याला मान्यता दिलीय. करार होतील, नियम येतील, पण शेवटी पिन दाबायची का मशीन लावायची हे गॅरेजातला माणूस ठरवतो आणि या माणसाकडं मशीन आहे, तो ते लावतो, त्याचे वेगळे पैसे पण मागत नाही. गॅस साफ करून परत वापरता येतो त्यात त्याचाही फायदा आहेच, असू दे की.

कुणाकडं अजून आर-12 वाली जुनी गाडी असंल तर गॅस असताना पाइपला गॅसकटर किंवा टॉर्च अजिबात लावू देऊ नका. असले गॅस ज्वाळेत गेले की विषारी वायू तयार होतात. भंगारवाल्यांकडं हे सर्रास चालतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

गॅस निघाल्यावर खोलणं सुरू. आमच्या गाडीत एसीचा बेल्ट वेगळा आहे त्यामुळं तो काढला की विषय संपला. ज्यांच्या गाडीत एकच लांब बेल्ट सगळ्यांवरून फिरतो त्यांना कॉम्प्रेसर काढल्यावर तिथं नुसती फिरणारी पुली बसवावी लागते किंवा छोटा बेल्ट जुळवावा लागतो, आणि तो कुठं घासत तर नाही ना, अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या पुलीला पुरेसा कवटाळतोय ना, हे बघावं लागतं. नव्या काही गाड्यांत तर कॉम्प्रेसरला क्लचच (एसी लावला की पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा) नसतो, तो कायम फिरतच असतो आणि गॅसबरोबर फिरणाऱ्या ऑइलवर जगतो, तसल्या गाडीत गॅस संपलेला ठेवून वर्षानुवर्षं फिरू नका.

डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइल बाहेर काढली ती मी जवळून बघितली. पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांत काळी माती थापल्यासारखी बसलेली, त्यात वाळलेली पानं, उंदरानं आणून ठेवलेला कापूस, आणि खालच्या जॉइंटला चिकट ऑइलचा हिरवट डाग, तिथंच लिक. हात लावला तर बोटाला कुबट वास. एवढी वर्षं आम्ही त्या वाऱ्यात बसत होतो! वडिलांनी ते बघितलं आणि एसी ठेवायचा का हा विषय तिथंच मिटला.

आता यात खरी मेख अशी आहे की ब्लोअरचा वारा त्या कॉइलच्या डब्यातूनच पुढं हीटरकडं जातो. घाईत काम करणारे अख्खा डबा काढून टाकतात, मग ब्लोअरचा वारा डॅशबोर्डच्या आतच हरवतो, काचेवर येतच नाही. यांनी कॉइल काढली, डबा धुतला, रिकामा डबा परत जागेवर बसवला, जिथनं दोन पाइप बाहेर जात होते ती भोकं इंजिनच्या बाजूनं पत्रा लावून, रबर आणि सीलंट भरून बंद केली. ही भोकं उघडी राहिली तर इंजिनची गरम हवा, डिझेलचा वास, पावसाचं पाणी आणि उंदीर सगळे आत येतात. वायरिंग पण कापलं नाही, प्रेशर स्विचची आणि थर्मोस्टॅटची टोकं काढून, टेप मारून, चिठ्ठ्या लावून बांधून ठेवली. उद्या कुणाला परत एसी बसवायचा झाला तर वायर शोधत बसायला नको.

कंडेन्सर गेला आणि रेडिएटर मोकळा झाला. पण कंडेन्सरचा इलेक्ट्रिक पंखा मिस्त्रींनी टाकला नाही, तो ब्रॅकेट करून रेडिएटरच्या पुढं लावला, थर्मो स्विचवर, म्हणजे गरम झालं की आपोआप सुरू होतो. घाटात आता काटा मधेच असतो. मला वाटतं एसी काढण्याचा आमच्या गाडीला जो खरा फायदा झाला तो हाच.

कारण मायलेजचं म्हणाल तर भ्रमात राहू नका. एसी बंद असताना क्लच सुटलेला असतो, पुली नुसती मोकळी फिरते, त्यामुळं बंद ठेवलेला एसी आणि काढून टाकलेला एसी यात डिझेलचा फरक जाणवण्याइतका पडत नाही. वजन कमी होतं ते सगळं मिळून पंधरा-वीस किलो, जीपसारख्या गाडीला ते काहीच नाही. नुसत्या मायलेजसाठी कुणी काढत असंल तर बटण बंद करा, पैसे वाचतील. हे पण मिस्त्रींनीच सांगितलं, म्हणजे बघा.

आता टाकीचं. कॉम्प्रेसर चांगला होता, पाच पिस्टनवाला, वर 508 छापलेला, एका फेऱ्यात 138 सीसी हवा ओढणारा. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे जे छोटे पंप मिळतात त्यांच्या हवेचा आणि याच्या हवेचा काही मुकाबलाच नाही. ऊसाच्या सीझनला फडात ट्रॉलीचं टायर बसलं की पंक्चरवाला येईपर्यंत अख्खी टोळी बसून राहते, त्यामुळं मला हे करायचंच होतं. मिस्त्री आधी तयार नव्हते. म्हणाले, "पावणं, हवेची टाकी म्हंजे खेळ नव्हं. करायची तर सगळं लावून, नायतर नको." सगळं म्हणजे काय ते ऐका.

एसीचा हा कॉम्प्रेसर स्वतःचं ऑइल गॅसबरोबर फिरवत असतो. गॅस काढून नुसती हवा मारायला लावली की ऑइल हवेबरोबर पुढं निघून जातं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून हवा आत घेण्याच्या बाजूला फिल्टर आणि थेंब थेंब ऑइल सोडणारा ऑइलर, आणि बाहेर पडणाऱ्या बाजूला ऑइल व पाणी पकडणारा सेपरेटर. आतलं जुनं ऑइल आणि उरलेला गॅस पूर्ण धुऊन काढला, नायट्रोजन मारून. दाबलेली हवा चांगलीच गरम होते त्यामुळं पहिला पाइप जाळीवाला, उष्णता सोसणारा, साधा प्लास्टिकचा पाइप तिथं वितळतो. मग हवा मागं न येऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व, मग टाकी. टाकी 20 लिटरची, चेसिसला सायलेन्सरपासून लांब. टाकीवर प्रेशर स्विच, 90 पीएसआयला क्लच ओढतो आणि 120 ला सोडतो, आणि स्विच फेल झालाच तर 150 ला उडणारा सेफ्टी व्हॉल्व. खाली पाणी सोडायचा कॉक. क्लचची लाइन रिले आणि फ्यूजमधून.

टाकी भंगारातून आणून वरून रंग मारून बसवणारे लोक आहेत. यांनी टाकी आधी पाण्यानं भरून हायड्रो टेस्टला पाठवली, काम करणाऱ्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देऊन. पाणी दाबलं जात नाही त्यामुळं टेस्टमधे टाकी फाटली तरी नुसतं पाणी सांडतं, तीच हवेनं भरलेली फाटली तर पत्र्याचे तुकडे बॉम्बसारखे उडतात. उद्यमनगराचा फायदा हाच, ओतकाम, लेथ, वेल्डिंग, टेस्टिंग सगळं चार गल्ल्यांत, ब्रॅकेट पाहिजे तर समोरच्या लेथवर जाऊन करून आणतात.

मला सगळ्यात आवडलं ते डॅशबोर्डवरचं बटण. जुनंच एसीचं बटण ठेवलंय. ते दाबलं, इंजिन जरा रेस केलं की क्लच टक्‌ करून ओढतो, टाकी भरते, परत टक्‌ करून सुटतो. मागच्या बंपरजवळ कपलर आहे, त्याला पाइप लावायचा आणि भरायची हवा. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर पण याच हवेनं झटकून घेतो. रानात गेल्यावर शेजारचे पण गाडी बघून हाक मारतात, "हवा हाय का रं?" मी देतो.

ही हवा कशाला चालत नाही ते पण सांगतो. सेपरेटर असला तरी ऑइलचा अंश राहतोच, त्यामुळं स्प्रे पेंटिंगला नको. आणि सलग तासभर चालवायची नाही, कॉम्प्रेसर तापतो, टायर भरायचं, थांबायचं.

कंडेन्सरचं ऑइल कूलर करता येईल का असं मी विचारलं होतं, त्याला मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं, आतल्या नळ्या एकदम बारीक असतात, त्यात जुना कचरा अडकलेला असतो आणि तो इंजिनच्या ऑइलमधे गेला तर इंजिन जाईल. आमच्या समोर एक जण गाडीचा एसी घरातल्या खोलीला लावता येईल का विचारत आला होता. त्याला पण शांतपणे समजावलं की हा कॉम्प्रेसर बेल्टवर फिरतो, त्याला तीन-चार हॉर्सपॉवरची मोटर लागंल, तुझ्या घरचं लाइट बिल बघ. पटलं त्याला. कंडेन्सर आणि कॉइल शेवटी भंगारात घातले, ॲल्युमिनियमचा भाव मिळाला तो बिलातून वजा केला, मी न विचारता.

खर्च. एसी काढणं, भोकं बंद करणं, पंखा बसवणं मिळून अडीच हजार. टाकी, व्हॉल्व, स्विच, ऑइलर, सेपरेटर, पाइप आणि मजुरी मिळून नऊ हजाराच्या आसपास. महाग नाही वाटलं. तयार बाजारात मिळणारा चांगला मोठा 12 व्होल्टचा पंप, टाकी आणि फिटिंग धरलं तर तिथंच कुठंतरी जातो.

अर्धा मार्क कशाचा कापला ते सांगतो. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही, टेस्टिंगवाल्याकडं टाकी अडकली म्हणाले, पण तसा फोन तरी करायचा होता, आम्ही गावाकडनं एसटीनं येऊन बसलो आणि संध्याकाळी परत गेलो. वयस्कर माणसाला तिथं बसायला सावली पण नाही, वडील रस्त्यावर उभे होते. डॅशबोर्ड परत बसवल्यावर ग्लोव्ह बॉक्स खडखड करायला लागला, परत नेल्यावर लगेच क्लिप लावून दिली, पण पहिल्यांदाच बघायला पाहिजे होतं. आणि बिलावर नुसतं "एसी काम" लिहून दिलं होतं, मी आग्रह केला तेव्हा एकेक पार्ट लिहिला. टाकी कुठं टेस्ट केली, किती दाबाला केली हे बिलावर आलंच पाहिजे, त्यांनी इथून पुढं सगळ्यांनाच लिहून द्यावं.

आता धुकं. मिस्त्री म्हणाले होते तसंच झालं. एसीची कॉइल हवेतली ओल पाणी करून काढून टाकते, म्हणून एसी लावला की काच पटकन साफ होते. ती कॉइलच नाही म्हटल्यावर पावसाळ्यात गगनबावड्याला, करूळ घाटात चार माणसं गाडीत बसली की काच पांढरी. हीटर काचेवर सोडायचा, बाहेरची हवा चालू ठेवायची, दोन्ही बाजूच्या काचा बोटभर खाली, आतून काच स्वच्छ पुसलेली पाहिजे, एवढं केलं की चालतं. पण हीटर चालू म्हणजे पाय भाजतात आणि काच खाली म्हणजे खांदा भिजतो. रात्री घाटात तर मी आता उगाच जात नाही. ज्यांचं रोजचं येणंजाणं कोकणात आहे, बारकी पोरं किंवा दम्याचं माणूस गाडीत असतं, त्यांनी काढू नका, अठरा-वीस हजार घालून नीट रिपेअर करा, हेच गॅरेज ते पण करतं. ज्यांची नवी, सेन्सरवाली गाडी आहे त्यांनीही नको.

आणि उन्हाचं काय म्हणाल तर एप्रिल-मेत दुपारी त्रास होतो, खोटं कशाला सांगू. एसी म्हणजे चैन असं मी अजिबात म्हणणार नाही. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमधे तर एसी सक्तीचाच केलाय आणि ते फार चांगलं केलं, दिवसभर इंजिनच्या शेजारी बसणाऱ्या ड्रायव्हरला तो मिळालाच पाहिजे. आमची जीप दिवसात तासभर फिरते, बाकी वेळ बांधावर उभी असते, म्हणून आम्हाला हे जमतंय.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर मिस्त्री गाडीखाली असतात आणि बोलत नाहीत. मागं गॅस कुठं भरला होता त्याचं बिल असंल तर घेऊन जा, ते विचारतात. सोमवारी बंद.